भाचरांच्या सुट्टीची पुस्तकं

ऊन मी म्हणत होतं. मावशीच्या पुस्तकांच्या दुकानात चिटपाखरू नव्हतं, आणि मी बालविभागातल्या बुटक्या स्टुलावर बसून धूळ झटकत होते. तेवढ्यात दार ढकलून तो आत आला. उंच, घामाघूम, शर्टावर कुणाचे तरी पांढरे केस, मनगटावर लांबलचक ताजा ओरखडा.

"तीन पुस्तकं द्या," तो म्हणाला. "एक लहान, एक मध्यम, एक मोठं."

"चपला घ्यायला आलात का?"

तो गोंधळला. मग हसला... आणि त्याच्या गालावर अशी काही खळी पडली, की मी झटकलेलं पुस्तक पुन्हा झटकायला घेतलं.

तो प्राण्यांचा डॉक्टर होता. ओरखडा एका मांजरीचा, तिला इंजेक्शन नको होतं म्हणून. बहीण आणि मेहुणे कामासाठी परदेशी गेले होते, आणि सुट्टीभर त्यांची तिन्ही मुलं याच्या गळ्यात.

"पहिल्याच दिवशी घर डोक्यावर घेतलंय. आता पुस्तकंच वाचवतील... त्यांना नाही, मला!"

थोरली तेरा वर्षांची, मधला नऊचा, धाकटी चारची. मी वयं बघून तीन पुस्तकं काढून दिली.

थोड्याच दिवसांत स्वारी परत हजर.

"धाकटी खूश आहे. इतकी, की तुमच्या पुस्तकातलं ते बदक आता माझ्या स्वप्नात येतं. थोरली म्हणते, हे फारच बाळबोध. आणि मधल्याचं पुस्तक सोफ्याखाली सापडलं. उघडलेलंच नाही."

"तुम्ही जनावरांना न तपासता औषध देता?"

"छे!"

"मग मी तरी मुलांना न बघता पुस्तकं कशी दिली? चुकलंच माझं. घेऊन या तिघांना."

दुसऱ्या दिवशी वरात आली. धाकटी सरळ माझ्या मांडीवर चढली. थोरली माझ्याकडे न बघता मोठ्यांच्या विभागात शिरली. मधला मात्र कपाटाला चिकटून उभा. मी त्याच्यापुढे एक पुस्तक उघडलं, तर त्याचं बोट पहिल्याच ओळीखाली अडकलं. कान लालबुंद झाले.

"मला पटपट वाचता येत नाही," तो कुजबुजला. "मामाला सांगू नका ना."

मी मोठ्या टाइपाचं, चित्रांचं, एका आळशी अस्वलाचं पुस्तक काढलं.

"हे तुझ्यासाठी नाही हं. धाकटीला रोज कुणीतरी वाचून दाखवायला हवं, आणि मामाला वेळ नसतो. तू करशील हे काम? पण आधी सराव करावा लागेल. अस्वलाचा आवाज जाड हवा."

त्याने विचार केला. मग हळूच म्हणाला, "गुर्रर..."

"आणखी जाड."

"गुर्रर्रर्र!"

मान वर केली, तर कपाटापलीकडे मामा उभा. त्याने सगळं ऐकलं होतं. तो माझ्याकडे बघत राहिला... त्या नजरेत आभार होते, आणि आणखीही काहीतरी, ज्याने माझेही कान तापले.

"अं... थोरलीने कादंबरी उचललीये," तो घाईघाईने म्हणाला. "तिला प्रेमाबिमाचं काही नको हं!"

"का? त्या वयात कुतूहल असतंच."

"आणि आपल्या वयात?"

"आपल्या वयात... धाडस लागतं."

"मामा," थोरली मागून म्हणाली, "मी इथेच आहे."

मग सगळी सुट्टी ते येतच राहिले. मुलं पुस्तकं चाळायची, आणि आम्ही दोघं पायरीवर कॉफी पीत कशावरूनही भांडायचो. कुत्री वाचन ऐकतात का, यावरून तर आमची चांगलीच जुंपली. एके दिवशी मधल्याने अख्खं पान न अडखळता वाचलं, अस्वलासकट. मामाने चष्मा काढला आणि बराच वेळ पुसत बसला.

सुट्टी संपली. मुलांचे आईबाबा आले, मुलं घरी गेली. निरोप घ्यायला आला तेव्हा तो दारात नुसता घुटमळला.

"येतो मग..."

"या."

आणि तो गेला. मी तरी काय म्हणणार होते? मला मात्र दर थोड्या वेळाने दाराकडे बघायची खोड लागली. तो काही येईना.

"अगं, दार काही पळून जात नाही," शेवटी मावशी वैतागली. "तूच जा की त्याच्याकडे!"

गेले. त्याच्या दवाखान्यात भिंतीला टेकून बाकं, बाकांवर पिंजरे, टोपल्या, पट्टे, आणि त्यांच्यामध्ये रिकाम्या हातांची मी. तो "पुढचा पेशंट" म्हणत बाहेर आला आणि थबकला.

"तुम्ही? पेशंट... कोण?"

"मी."

खोलीत एक कुत्रासुद्धा भुंकला नाही.

"काय होतंय?" त्याने गंभीर चेहऱ्याने विचारलं, पण खळी दगा देत होती.

"मान दुखते. सारखी दाराकडे वळते."

"मी आलो होतो हो," तो एकदम बोलून गेला. "दोनदा. बाहेरूनच परत गेलो. बरोबर एकही मूल नाही... काय सांगून आत येणार?"

"आम्ही मोठ्या माणसांनाही आत घेतो."

"मला पुस्तक नको होतं पण. मला... तुम्हाला भेटायचं होतं. रोज."

"ओ डॉक्टर," कोपऱ्यातले आजोबा म्हणाले, "रोज भेटा, पण आधी आमचा नंबर!"

सगळे हसले. तो पार लाजला. मी म्हटलं, "थांबते मी. बघा तुम्ही."

आजोबा आत गेले, मग कुणीतरी मला आपला ससा धरायला दिला. उबदार, थरथरता. मी त्याला कुरवाळत बसले. एकेक पेशंट गेला, ससाही गेला. शेवटी त्याने हात धुतले, दिवे मालवले, आणि माझ्यापुढे हात केला.

"चल," तो म्हणाला.

'चला' नाही. 'चल'.

आणि मी निघाले.