छापातली पणजी

सांगा पाहू, चेहरा तंतोतंत जुळतो, तरी माणूस ते नव्हेच, असं कधी होईल का? आमच्या घरी झालं, आणि माझी बोबडीच वळली.

माझी पणजी, डॉ. द्वारका मिरजकर, ताऱ्यांचा अभ्यास करायची. माझे अप्पा, म्हणजे आजोबा, लहान असतानाच ती गेली. हणमंत मेस्त्री नावाच्या चित्रकाराने तिचं तैलचित्र काढलं होतं, पण ते आगीत जळालं. उरलं फक्त त्यावरून दुसऱ्या कारागिराने केलेलं छापचित्र (तांब्याच्या पत्र्यावर रेषा कोरून, त्यांत शाई भरून कागदावर उमटवलेलं चित्र). त्यावरून ठोंब्याने, आमच्या यंत्रमानवाने, पडदे ओढून पणजीची प्रकाशमूर्ती (उजेडाची हलती आकृती) उभी केली.

पणजी हसली. ओठाचं एकच टोक वर गेलं. अप्पा मागे सरले.

"बंद कर रे! तोंड आईचं आहे, पण ही आई नव्हे."

"चित्राशी शंभर टक्के जुळते," ठोंब्या म्हणाला.

पणजी अप्पांकडे बघत हसतच राहिली. अप्पा मटकन खाली बसले.

"केतकी, मी आईचा चेहरा विसरलो की काय गं?"

अप्पा स्वतःही एवढे मोठे शास्त्रज्ञ, पण त्यांचे डोळे डबडबले होते. मला फार वाईट वाटलं.

"विसरताय कसले!" म्हणत मी भिंग घेऊन छापचित्राला भिडले. खाली पणजीचं नाव होतं, अगदी सुवाच्य. कोपऱ्यात वेलीसारख्या रेघा. अय्या, ही तर मोडी लिपी! अप्पांनी सुट्टीत माझं डोकं खाऊन शिकवलेली. तरी ओ की ठो कळेना. शेवटी आरसा धरला आणि वाचलं, 'हणमंत'.

"अप्पा, चित्रकाराची सही उलटी आहे!"

अप्पा ताडकन उठले. "अगं, पत्र्यावर कोरलेलं कागदावर उलटं उमटतं, रबरी शिक्क्याचं होतं तसं. म्हणून सगळं उलटं कोरावं लागतं. कोरणाऱ्याने खालचं नाव उलटं कोरलं, ते सरळ छापलं गेलं. चित्र मात्र समोर दिसलं तसंच उतरवलं. त्याला मोडी येत नसणार, सहीलाही नक्षी समजला लेकाचा!"

"म्हणजे पणजीची डावी बाजू उजवीकडे गेली?"

"हो ना! आणि कुणाचाही चेहरा दोन्हीकडे सारखा नसतो. ओळखीचा चेहरा उलटला की परका वाटतो. ठोंब्याने जुळवला तो चुकलेल्या छापाशी. ठोंब्या, उलटव!"

आकृती विझली. मिट्ट काळोख. मी अप्पांचा हात घट्ट धरला. पुन्हा उजेड झाला, आणि पणजी दुसऱ्या बाजूने हसली.

अप्पा पुढे सरले.

"विसरलो नव्हतो मी," ते हळूच म्हणाले आणि त्यांनी मला पुढे ढकललं. "आई, ही केतकी, तुझी पणती. तुझ्यासारखीच चौकस आहे हो. आता हिला दुर्बिणीशी बसवणार आहे."

तिला ऐकू येत नाही, हे आम्हा दोघांनाही ठाऊक होतं. तरी मी वाकून नमस्कार केला.