पेवातून आधी वर आलेली बाई

विश्वास ठेवायचा तर ठेवा, नाहीतर सोडून द्या. आत्याने हे फक्त मला सांगितलंय, आणि आत्या थापा मारणाऱ्यांतली नाही.

थंडीचे दिवस होते. दुपार टळत आली होती.

आत्या शाळेत शिवण शिकवायची. आता निवृत्त, घरात एकटी. एकुलती एक मुलगी, पण तिच्या लग्नावरून दोघींचं बिनसलं ते बिनसलंच. कित्येक वर्षं बोलणं नाही. "तिने आधी फोन करावा," हे आत्याचं पालुपद. नाकावर माशी बसू न देणारी बाई, आतून मात्र तीळतीळ तुटायची.

घर खायला उठलं की ती मिळेल ती बस पकडायची. त्या दिवशी एका शेतीवाडीच्या गावात उतरली. गाव छोटं, पण जुन्या वास्तू नीट जपलेल्या. पाणचक्की पाहिली. दगडी पूल पाहिला. चहूकडे नांगरलेली शेतं, माणूस म्हणून दिसेना.

शेवटी राहिलं पेव. धान्य साठवायचं जमिनीखालचं कोठार. वर गोल तोंड, आत उतरायला शिडी.

राखणदार म्हणाला, "एकेकानेच उतरायचं, बाई. आतली हवा कोंदट असते. मी वरून विचारत राहीन, तुम्ही ओ द्यायची. ओ नाही आली तर मी खाली येणार."

"आणि तुम्ही खाली आल्यावर तुम्हाला कोण विचारणार?"

तो हसला. आत्या उतरली.

खाली गार, कोरडा अंधार. मोबाइलच्या उजेडात भिंतीचा मातीचा गिलावा तेवढा दिसत होता.

"बाई, आहात ना?"

"आहे."

किती दिवसांनी कुणीतरी आपल्याला हे विचारतंय. आत्याला एकदम भरून आलं.

"बाई, आहात ना?"

ती तोंड उघडणार तोच…

"आहे."

आवाज तिच्या मागून आला.

आवाज तिचाच होता.

आत्याची दातखीळ बसली. मान वळेना.

"झालं का बघून?"

"झालं. येते वर."

शिडी करकरली… कुणीतरी चढत होतं. वरच्या उजेडात तिला साडीचा काठ दिसला. तिच्याच साडीचा.

"हात द्या, बाई. जपून."

मग दगडी झाकण सरकू लागलं. उजेड निमुळता होत गेला…

तेव्हा कुठे आत्याला आवाज फुटला. ती किंचाळली.

झाकण थांबलं. राखणदाराने आत डोकावलं आणि तो पांढराफटक पडला.

"तुम्हाला तर आत्ताच वर घेतलं मी… बसकडे गेलात ना तुम्ही?"

बस नुकतीच निघून गेली होती. रस्त्यावरची धूळ अजून खाली बसायची होती.

पुढच्या बसने आत्या घरी पोचली. कुलूप जसंच्या तसं होतं. ती आत शिरते न शिरते तोच घरचा फोन वाजला.

मुलगी होती. रडत होती.

"आई, मघाशी मला नीट बोलताच आलं नाही गं. घरचा नंबर बघूनच रडू फुटलं. तू आधी फोन करशील असं स्वप्नातही वाटलं नव्हतं. आणि माफी कसली मागतेस? मी उद्याच येते."

'तो फोन मी केला नाही,' एवढंच तर सांगायचं होतं. आत्याच्या तोंडून ते निघालं नाही.

"ये," ती म्हणाली.

मुलगी आता दर आठवड्याला येते. दोघी हसतात, बोलतात. बघणाऱ्याला वाटेल, सगळं मार्गी लागलं.

परवा आत्या मला हळूच म्हणाली, "माफी मी मागितलीच नाही रे. पोरीने जिला जवळ केलं ती मी नव्हेच. आणि ती गेली कुठे, तेही मला ठाऊक नाही."



आत्याला मी अजूनही फोन करतो. पण पलीकडून तिचा आवाज आला की लगेच बोलत नाही.

जरा वेळ नुसता ऐकत राहतो…