खजूर, बेकन आणि मिरीचा राग

खाटकाच्या दुकानातली रांग जागची हलत नव्हती, आणि त्याला कारण एकच – काचेच्या पेटीसमोर उभा असलेला तो उंच माणूस.

"बेकनचंच काहीतरी हवंय," तो काउंटरवरच्या बाईंना तिसऱ्यांदा सांगत होता. "गोडही आणि खारटही. पंधरा-एक माणसं असतील. पण सोपं हवं हो. मला अंडं उकडण्यापलीकडे काही येत नाही."

बाईंनी खांदे उडवले. "मी कापून देते. पुढचं ज्याचं त्याने बघायचं."

रांगेत चौथी होती मिरी. हे तिचं खरं नाव नव्हे. पण घरीदारी सगळे मिरीच म्हणत. आकाराने एवढीशी, आणि दाताखाली आली की डोळ्यांतून पाणी. आठवडाभर ती दातांच्या कवळ्या बनवण्याच्या कारखान्यात मान मोडून काम करायची. शनिवारची अर्धी सुट्टी एका परक्या माणसाच्या बेकनपायी वाया जावी, हे तिला सहन होईना.

"खजूर घ्या!" ती मागून कडाडली.

तो वळला. "मी?"

"मग काय मी? बिया काढलेले खजूर. प्रत्येकात एक बदाम. बेकनची पट्टी मधोमध कापायची, अर्धी पट्टी एकेका खजुराला गुंडाळायची, टोक खाली येईल अशी. टूथपिक टोचायची. वरून ब्राऊन शुगर आणि लाल तिखट. जाळीवर मांडायचं, नुसत्या ट्रेमध्ये नाही – नाहीतर आपल्याच चरबीत पोहत बसतात. ओव्हन चांगला तापवून पंचवीस मिनिटं, मध्ये एकदा उलटायचं. झालं. आता पुढे सरका."

त्याने खिशातून एक चुरगळलेली पावती काढली आणि पावतीच्या मागच्या बाजूला भराभर लिहू लागला.

"टोक खाली… का?"

"उघडू नये म्हणून."

"आणि तिखट किती?"

"सोसेल तेवढं."

आता त्याने मान वर करून तिच्याकडे नीट पाहिलं. "मला बरंच सोसतं," तो म्हणाला, आणि मिरी एकदम पेटीतल्या खिम्याकडे पाहू लागली. खिम्यात बघण्यासारखं काही नव्हतं, तरीही.

"चुकलं तर तुम्हाला कुठे शोधू?"

"चुकणार नाही. मी सांगितलंय."

तो हसत निघून गेला. घरी जाताना ते हसू दोनदा आठवलं, म्हणून मिरीला स्वतःचाही राग आला.

दुसऱ्या दिवशी दुपारी दादाकडे पार्टी होती. वहिनीला बढती मिळाली होती. वहिनीने फोनवर सांगितलं होतं, "तू आपलं नेहमीचं आण." नेहमीचं म्हणजे तेच – बेकनमधले खजूर. सहा वर्षं दादाकडे काहीही असलं की मिरी सकाळी उठून साठ खजूर भरायची, साठ अर्ध्या पट्ट्या गुंडाळायची, बोटं चिकट करून घ्यायची. ट्रे रिकामा व्हायचा, वहिनी तो धुऊन परत द्यायची. संपलं.

त्या दुपारी ती ट्रे घेऊन आत शिरली, तर टेबलाच्या मधोमध आधीच एक ट्रे होता. बेकनमधले खजूर! काही करपलेले, काही उघडलेले, दोन तर चक्क उघडेबोडके. आणि त्यांच्याभोवती माणसांचा गराडा.

"अगं मिरी, ये, ये!" आत्याने तिला हाताला धरून ओढलं. "खाऊन बघ. या मुलाने स्वतःच्या हातांनी केलंय! एकटा राहतो म्हाताऱ्या वडिलांबरोबर, आणि तरी एवढं!"

मुलगा म्हणजे तो, खाटकाकडचा. धुतलेला शर्ट, ओले केस, हातात पेला. मागच्या आठवड्यात वहिनी ऑफिसच्या लिफ्टमध्ये तासभर अडकली होती. तेव्हा तो लिफ्ट दुरुस्त करता करता दाराबाहेरून सगळा वेळ तिच्याशी गप्पा मारत होता. म्हणून आजचं आमंत्रण.

"कुणाचं नशीब उजळणार आहे कोण जाणे," आत्या म्हणाली.

"खरंच," वहिनी म्हणाली, "पुरुषाच्या हाताला अशी चव! मिरी, तुझा ट्रे ठेव ना तिकडे… खिडकीत. इथे जागा नाही."

मिरीने त्याच्याकडे पाहिलं. त्याने तिला ओळखलं होतं. कान लाल झाले होते. त्याने तोंड उघडलं. आता बोलेल, मिरीला वाटलं. बोल ना.

"छे, काही नाही," तो आत्याला म्हणाला. "फार सोपं आहे हो."

मिरीच्या तळपायाची आग मस्तकात गेली. तिने ट्रे खिडकीत ठेवला, स्वयंपाकघरात गेली, नळ सोडला आणि स्वच्छ पेले पुन्हा घासायला घेतले.

तो मागोमाग आलाच. दारात घुटमळला. "मी… माझं चुकलं."

"काय चुकलं? टोकं वर ठेवलीत, ते? की ओव्हन तापायच्या आधीच ट्रे आत ढकललात, ते?"

"दोन्ही. आणि गप्प बसलो, ते."

"का बसलात?"

त्याने प्रामाणिकपणे विचार केला. "इतकं कौतुक माझं कुणी कधी केलं नव्हतं. लिफ्ट चालू असली की लिफ्टवाला कुणाला आठवत नाही. बंद पडली की शिव्या. दोन मिनिटं… बरं वाटलं."

हे उत्तर मिरीला पटलं, आणि पटलं म्हणून राग आणखी वाढला. "दोन मिनिटं! मी सहा वर्षं करतेय, सहा! कुणी एकदा तरी 'मिरी, छान झालंय' म्हटलंय? तुमचे निम्मे करपलेत, तरी तुमच्या हाताला चव!"

"मी आत्ता बाहेर जाऊन सांगतो. कृती तुमची आहे म्हणून."

"खबरदार!" साबणाचा हात तसाच उगारून ती म्हणाली. "तुम्ही सांगितलंत ना, तर म्हणतील – बघा, किती मोठं मन आहे! तेही श्रेय तुम्हालाच."

तो हळूच म्हणाला, "खरंय. मग… मी काय करू?"

"बाजूला व्हा," मिरी म्हणाली, आणि हात पुसून बाहेर गेली.

ती ओरडली नाही. खोलीच्या मधोमध उभं राहून तिने विचारलं, "आत्या, मी हे खजूर या घरात किती वेळा आणलेत?"

"आँ? आणतेस की… नेहमी."

"कधी म्हणालीस, माझ्या हाताला चव आहे?"

आत्या बावरली. "अगं, पण तुला येणारच ना! तू मुलगी आहेस. तुझं काय कौतुक करायचं?"

"हेच. एवढंच ऐकायचं होतं." मिरी म्हणाली. "यांना ही कृती काल मी सांगितली, खाटकाच्या रांगेत. मला म्हणता नेहमीचं आण, आणि यांना म्हणता, अहाहा. पुढच्या वेळी नेहमीचं कुणाला आणायला सांगायचं, ते तुम्ही ठरवा."

दादा "अगं मिरे, ऐक…" म्हणेपर्यंत तिने खिडकीतला ट्रे उचलला होता. साठपैकी एकाही खजुराला हात लागला नव्हता. ती दाराबाहेर पडली आणि चार जिने उतरून खालच्या पायरीवर बसली. मांडीवर ट्रे, डोळ्यांत पाणी, आणि नाकात – काय करणार – खमंग वास.

पाच-सात मिनिटांनी वरून पावलं वाजली. तो दोन पायऱ्या वर थांबला.

"लिफ्टवाले जिन्याने?" मिरी न वळता म्हणाली.

"लिफ्टने आलो असतो तर लगेच पोचलो असतो. तुम्हाला जरा वेळ हवा होता असं वाटलं. वर कुणी बोलत नाहीये. तुमच्या वहिनी खिडकीपाशी उभ्या आहेत. मी… एक खाऊ का?"

तिने ट्रे मागे त्याच्याकडे सरकवला.

त्याने एक तोंडात टाकला. बेकन कुरकुरलं. खजूर विरघळला. त्याने डोळे मिटले… आणि खाडकन उघडले.

"यात काहीतरी आहे!"

"काय असणार?"

"आंबट. अगदी शेवटी, जिभेच्या कडेला. माझ्यात हे नव्हतं!"

मिरीने पायरीवरचा एक खडा बोटाने सरकवला. "खजूर… चमचाभर व्हिनेगर शिंपडून ठेवायचे. आदल्या दिवशी."

"आणि हे तुम्ही मला सांगितलं नाहीत!"

"सगळं कुणी रांगेत सांगतं का?"

"मी पावतीवर शब्दन् शब्द लिहून घेतला!" तो आता खरोखर चिडला होता. "बाजारभर खजूर शोधले. पहाटे उठलो. आणि तुम्ही मला अर्धी कृती देऊन, वर तोऱ्यात म्हणता, चुकणार नाही, मी सांगितलंय!"

मिरीने वळून त्याच्याकडे पाहिलं. त्याच्या ओठाला साखर चिकटली होती आणि भुवया पार कपाळात गेल्या होत्या. तिला हसू आलं. दाबलं तर जास्तच आलं. मग तोही हसला, पण कुरकुरत, तक्रार मागे न घेता. दोघांनी मिळून सव्वीस खजूर संपवले. बोलता बोलता तिने आपल्या कामाचं सांगितलं, आणि तो म्हणाला, "म्हणजे लोक तुमचे दात दाखवून हसतात आणि तुम्हाला पत्ताच नसतो."

असं तिला कधी कुणी म्हटलं नव्हतं.

मग वहिनी खाली आली. पार्टीचे कपडे सावरत ती मिरीशेजारी पायरीवर बसली, ट्रेमधला एक खजूर खाल्ला आणि बराच वेळ चावत राहिली. "मिरी," ती म्हणाली, "मी सहा वर्षं ट्रे धुतला गं. चव घेतलीच नाही." रडू दोघींनाही आलं. त्याने शहाण्यासारखं रस्त्याकडे तोंड केलं.

सोमवारी सकाळी तो कारखान्यात हजर! हातात प्लास्टिकची डबी, चेहरा पडलेला.

"आता काय?" मिरीने विचारलं.

त्याने डबी उघडली. आत कवळी होती आणि तिच्या पुढच्या दाताचा टवका उडाला होता. "बाबांची. काल माझ्या ट्रेमधले उरलेले घरी नेले. बाबांनी टूथपिकसकट चावलं. खायच्या आधी टूथपिक काढायची असते, हेही तुम्ही सांगितलं नव्हतं."

"ते सांगायला लागतं?"

"मला लागतं!"

मिरीने कवळी उजेडात धरली. रागावण्यासारखं बरंच होतं, पण हात कामाला लागले. तो समोरच्या स्टुलावर बसून राहिला. तिने सात छटांमधून दाताचा रंग निवडला, बसवला, पुन्हा काढला, कड घासली, फुंकर मारली. तासभर तो तिच्या हातांकडे पाहत होता. शेवटी म्हणाला, "हे तर अजिबात सोपं नाही."

मिरीने मान वर केली नाही. पण कानामागे काहीतरी ऊन ऊन झालं.

कवळी नीट बसायला तीन खेपा लागल्या. म्हणजे दोनही पुरल्या असत्या. तिसऱ्या वेळी मिरी स्वतःच संध्याकाळी त्यांच्या घरी गेली. बाबांनी कवळी बसवली, आरशात पाहिलं, सफरचंदाचा मोठा लचका तोडला आणि म्हणाले, "पहिल्यापेक्षा बरी! पोरी, तुझ्या हातात कसब आहे." मिरीला कौतुक घ्यायची सवयच नव्हती. ती नुसतीच "हो," म्हणाली.

बाबा सफरचंद घेऊन आतल्या खोलीत गेले. तो तिला सोडायला दारापर्यंत आला. दार उघडलं नाही. दाराच्या कडीवर हात ठेवून तसाच उभा.

"मला राग आलाय," तो म्हणाला.

"तुम्हाला? कसला?"

"दात झाले. आता तुम्ही येणार नाही. मी कवळी पुन्हा तोडू शकत नाही, बाबांना जेवायचं असतं. आणि पार्ट्या काही रोज नसतात. दोन आठवडे मी एकेक निमित्त शोधतोय आणि तुम्ही… तुम्ही प्रत्येक वेळी वेळेत काम पूर्ण करता!"

मिरी भडकली. "मग सरळ विचारायला काय होतं? त्या दिवशीही गप्प, आजही दाताआडून बोलणं! प्रत्येक वेळी खोलीच्या मधोमध उभं राहून मीच बोलायचं का?"

"नाही." त्याने कडीवरचा हात काढला. "मी बोलतो. मला तुम्ही आवडता. रांगेतच आवडलात. ओरडलात तेव्हाच."

बाहेर रिमझिम चालू झाली होती; जिन्याच्या खिडकीवर थेंब टपटपत होते. मिरी ते ऐकत उभी राहिली… पुरेसा वेळ. त्यालाही जरा कळू दे.

"आधी ते 'तुम्ही' बंद करा," ती शेवटी म्हणाली.

"तू…" त्याने शब्द तोंडात घोळवून पाहिला. "तू येशील?"

"कुठे?"

"इथे. उद्या. परवा. कामाशिवाय."

"विचार करून सांगते," मिरी फणकाऱ्याने म्हणाली, आणि निघताना अंगात चढवलेला कोट काढून तिने तो दारामागच्या खुंटीला अडकवला.