त्या तासभर माझा हात कुठे होता

तुम्ही विश्वास ठेवा नाहीतर ठेवू नका, मी कुणाला पटवायला बसलेले नाही. हे माझ्याच बाबतीत घडलंय आणि मी पूर्ण शुद्धीवर होते.

गेल्या डिसेंबरातली गोष्ट. नॉर्वेच्या उत्तर टोकाचं ट्रोम्सो.

वेळ तशी सकाळचीच. पण त्या महिन्यात आमच्याकडे सूर्य उगवतच नाही. बाहेर काळोख, बर्फ आणि रस्त्यावरचे दिवे.

मी मारित. इस्पितळाच्या तळघरात पेट स्कॅन काढते. पेशंटला किरणोत्सारी साखर टोचायची आणि काचेमागे निघून जायचं. टोचल्यावर त्याच्या अंगातून किरण निघत राहतात, म्हणून तासभर कुणी त्याच्याजवळ बसायचं नाही. आम्हाला किती किरण लागले ते मोजायला छातीवर एक बिल्ला असतो, आणि डाव्या हातात प्लास्टिकची जाड, चौकोनी खड्याची अंगठी.

माझ्या हातात तेवढी एकच अंगठी आहे.

त्या दिवशी हेर्दिस आली. ऐंशी ओलांडलेली, बेटावर एकटी राहणारी, जन्मभर मासळी साफ केलेली बाई. केस विंचरताना तिचं डोकं ठणकायचं, जेवताना जबडा धरायचा. आणि एके दिवशी उठली तर उजव्या डोळ्यापुढे अंधार. मोठ्या रक्तवाहिन्यांना सूज आली असेल, असा डॉक्टर सिवेर्तचा संशय होता.

त्याने गोळ्या सुरू केल्या होत्या, पण त्या जालीम. तिची रक्तातली साखर आणि हाडं आधीच बिघडलेली होती. सूज चित्रात नक्की दिसली तरच तो त्या चालू ठेवणार होता. त्यात गंमत अशी की त्याच गोळ्यांनी काही दिवसांत सूज चित्रातून दिसेनाशी होते. म्हणजे संधी ही एकच. चित्र बिघडलं की गोळ्या बंद, आणि उरलेला डोळा देवाच्या भरवशावर.

"हेर्दिस, तासभर हलायचं नाही. बोलायचं नाही," मी सांगितलं. "सुजलेली जागा साखर जास्त खाते, म्हणून चित्रात चमकते. पण जो स्नायू काम करतो तोही खातो. तू बडबड केलीस तर घसा चमकेल, आणि मानेत काहीच धड दिसणार नाही."

"कालपासून उपाशी ठेवलंय, कॉफीचा घोट नाही, आणि आता तोंडही बंद? अगं बये, मग जिवंत तरी कशाला ठेवता?"

मला हसू आलं. डाव्या दंडात साखर टोचून झाली. मी वळणार, तेवढ्यात तिने माझी बाही धरली.

"थोडा वेळ बसतेस का गं? घरी एकटीची सवय आहे मला. पण इथे भीती वाटते. हात धरायला कुणी असतं तर..."

"नाही बसता येत. नियम आहे."

"बरं, जा बाई. तुझीही कुणीतरी वाट बघत असेल."

कुणीच बघत नव्हतं. मी दार लावून घेतलं.

काचेमागच्या खोलीत कॅमेऱ्याच्या पडद्यावर ती दिसत होती. डोळे मिटलेले. उजवा हात पांघरुणावर, तळवा वर, बोटं उघडी. एक शब्द नाही. एक हालचाल नाही.

आणि मग...

माझा डावा हात गार पडला.

आधी बोटं. मग तळवा. मग मनगट.

हीटर चालू होता. मी हात चोळला. गरम पाण्याखाली धरला. कॉफीचा कप उचलायला गेले, तर हाताला कप लागतोय की नाही तेच कळेना. कप फुटला.

हात डोळ्यांसमोर होता, पण त्यात मी नव्हते.

तास संपला तशा मुंग्या आल्या आणि हात हळूहळू परत आला. तळव्याला घाम होता. बाकी अंग कोरडं होतं.

मी हेर्दिसचा स्कॅन काढला. सिवेर्त येऊन माझ्या मागे उभा राहिला.

महाधमनीच्या भिंती लख्ख चमकत होत्या. मानेतल्या आणि काखेतल्या वाहिन्याही. घसा अगदी शांत.

"झकास! सूजच आहे. गोळ्या चालू," तो म्हणाला. डोळा वाचणार होता. माझा जीव भांड्यात पडला.

मग तो पुढे वाकला.

"मारित... हे काय?"

तिचा उजवा हात. कोपरापासून बोटांपर्यंतचे सगळे स्नायू उजळलेले.

"घट्ट काहीतरी धरून होती ही. चांगली तासभर."

"हात उघडा होता. मी बघत होते."

आम्ही कॅमेऱ्याचं चित्रण परत लावलं. हात उघडाच होता. बोट म्हणून हललं नव्हतं.

हेर्दिस बाहेर बसून वॅफलवर तपकिरी चीज लावून खात होती. मला बघून म्हणाली, "आलीस ना शेवटी! म्हणे नियम आहे."

"मी नाही आले, हेर्दिस."

"पुरे गं. डोळे मिटले होते म्हणून काय झालं? अगदी गारठलेला हात, पण सोडला नाहीस हो. ती तुझी अंगठी मात्र मेली टोचत होती. हे बघ."

तिने उजवा तळवा पुढे केला.

मधोमध एक लाल वळ होता...

चौकोनी.

जानेवारीत किरण मोजणाऱ्या विभागातल्या फ्रोदेचा फोन आला. "काय मारित, पेशंटचे हात धरून बसतेस की काय? तुझ्या अंगठीचा आकडा बघ कुठे गेलाय. छातीवरचा बिल्ला मात्र नेहमीसारखाच. हात एकटाच फिरायला गेला होता का?"

तो हसला. मी फोन ठेवला.

खरं सांगू? भीती नंतर वाटली. आधी वाईट वाटलं. कित्येक वर्षांत माझा हात कुणी धरलेला नाही. शेवटी कुणीतरी तासभर धरला, आणि मलाच त्याचा पत्ता नव्हता.

आज रविवार. मी घरी आहे. विभागाला कुलूप आहे.

मघाशी पाव कापत होते, तेव्हा डावा हात परत गार पडला.

आधी बोटं. मग तळवा. मग मनगट...

हेर्दिसला फोन लावला. वाजत राहिला. उचलला नाही. तिच्या शेजाऱ्याला कळवलंय, तो बर्फातून तिच्या घराकडे निघालाय. अजून त्याचा निरोप नाही.

हे सगळं मी एका हाताने लिहितेय. डावा टेबलावर तसाच ठेवलाय. चोळलेला नाही. हलवलेलाही नाही.

तिने धरला असेल तर सुटायला नको.