माळव्याचा विस्तव

“ही चूल आता पाडायची!”

पुरनलालचे हे शब्द कानी पडले मात्र, आणि फुलवंताच्या ओठांशी आलेली फुंकणी तिथेच थबकली, भात उतू जाऊन पेज चर्रकन निखाऱ्यांवर सांडली तरी तिचा हात काही झाकणाकडे गेला नाही… डोळ्यांतून घळाघळा पाणी वाहत होते. ते धुराचे किती आणि भयाचे किती, हे त्या माउलीचे तिलाच सांगता आले नसते!

“अशी पाहून काय राहिली, प्रेमिलाची माय?” पुरनलाल उंबऱ्यात उकिडवा बसला. प्रेमिला म्हणजे त्यांची एकुलती लेक, ती तिरोड्याला सासरी नांदत होती. “डॉक्टर काय म्हणला, आयकलं नाई का? धूर बंद नाई झाला तं डोळे जातीन! औंदा धान चांगलं पिकलं. उद्या गोंदियाले जाऊ आणि तुले पाहिजे तो स्टो घेऊ.”

“मले कायले पाहिजे स्टो? माझे डोळे बरे आहेत.”

“बरे आहेत! काल दुधात मीठ टाकलं तूनं!”

फुलवंता मान खाली घालून निखारे सारू लागली. नवऱ्याच्या आवाजात माया होती, आणि त्या मायेचेच तिला भय वाटत होते. पुरनलाल माणूस सोन्यासारखा, पण हट्टाचा लोखंडासारखा. एकदा नव्या चपलेने अंगठा सोलला म्हणून त्याने जन्मभर चप्पल न घालण्याची शपथ घेतली आणि भर वैशाखात गोंदियाच्या डांबरी सडकेवरून अनवाणी चालत आला. तळव्याला चिकटलेले डांबर दिवाळीपर्यंत निघाले नाही, आणि तोवर तो जिथे बसेल तिथली सतरंजी उठताना पायाबरोबर उठायची, असे गावात अजून सांगतात.

अशाच एका शपथेने या घराचे दोन तुकडे झाले होते. पाऊस ओढलेल्या एका साली पुरनलालच्या धानाच्या बांधीतले पाणी एका रात्रीत धाकट्या भावाच्या, मुन्नालालच्या बांधीत उतरले. दोघांमधला धुरा, मातीचा बांध, फुटला होता. खेकड्याने पोखरला, असे सारा गाव म्हणत होता, खेकड्याचे बीळही लोकांनी दाखवले. पण पुरनलाल गरजला, “खेकडा नोहे, माझा सख्खा भाऊ आहे तो!” आणि भरल्या चावडीत त्याने शपथ घेतली, की माझ्या घरचा दाणा, पाणी, मीठ, शब्द, काही काही मुन्नालालच्या घरी जाणार नाही. अंगणात काट्यांचे कुंपण पडले. एका खेकड्याने जे घर फोडले, ते पंचांना जोडता आले नाही!

पण शपथ घेताना पुरनलाल एक गोष्ट विसरला होता. विस्तव.

त्या चुलीतला विस्तव साधा नव्हता. पुरनलालचे पवार पूर्वज माळव्यातून बैलगाड्या हाकत इकडे आले, तेव्हा एका मडक्यात राखेखाली झाकून घरची आग बरोबर आणली, आणि तेव्हापासून ती विझलेली नाही, असे सासू छातीवर हात ठेवून सांगायची. वाटेत वाघ आला तेव्हा आजेसासऱ्याच्या आज्याने त्याच विस्तवावर चिलीम पेटवली आणि वाघालाही दोन झुरके दिले, हेही ती सांगायची. वाघाचे राहू द्या! पण प्राण जाताना त्या म्हातारीने फुलवंताचा हात घट्ट धरून म्हटलेले शब्द मात्र खरे होते. “पोरी, चुली दोन होतीन, तीन होतीन… विस्तव एकच राहू दे.”

म्हणून कुंपण पडले त्याच्या दुसऱ्या सकाळी मुन्नालालची बायको रामकली मागच्या बाजूला खापर घेऊन मुकाट्याने उभी राहिली, तेव्हा फुलवंताने तितक्याच मुकाट्याने त्यात दोन निखारे ठेवले. तो नेम आजवर चुकला नव्हता. पुरनलाल पहाटेच शेतात जायचा, त्याला ठाऊक नव्हते. शब्दाला बंदी होती, म्हणून दोघी जावा एक अक्षर बोलत नसत. नुसत्या बघत… आणि डोळे पुसत. धूर होताच सांगायला!

आता स्टो आला, चूल पडली, तर रामकलीने यायचे कशासाठी? आणि नवऱ्याला सांगावे, तर तो शपथेत विस्तवही घालायला कमी करणार नव्हता. हे परमेश्वरा!

दुसऱ्या दिवशी जवळच्या सौंदड स्टेशनावरून गाडीने दोघे गोंदियाला गेले. दुलीचंदच्या दुकानात पितळेचा असा लखलखाट होता की पुरनलालने आधी हात जोडले आणि मग विचारले, “घरच्या बाईसाठी काय आहे?”

दुलीचंदने प्रथम डब्यांवर डबे रचलेला कुकर पुढे ठेवला. “देखिए बाई, नीचे कोळसा, ऊपर दाल, चावल, सब्जी. लावून द्या आणि भजनाला जा. धुआँ नाही, झंझट नाही.”

“भाताची पेज कोठून काढू?” फुलवंताने विचारले. “आणि शीत दाबून नाई पाहिलं तं भात झाला हे मले कोण सांगन, डबा?”

“अरे बाई, पेज कौन निकालता है आजकल?”

“आमच्या म्हशी पितेत,” ती ठामपणे म्हणाली. कुकर बाजूला झाला.

मग वातींचा स्टोव्ह आला. त्याला घासलेटचा वास येतो, देव जेवणार नाही, म्हणून तोही गेला. मग पंपाचा पितळी स्टोव्ह. दुलीचंदने तो पेटवून दाखवला. निळी ज्योत भरारली आणि दुकानात झोपलेले मांजर जे छपरावर गेले, ते गिऱ्हाइकांनी पुन्हा पाहिले नाही.

फुलवंताने पदर सावरला, हळूच विचारले, “भाऊ, बंद केल्यावर… याच्यात विस्तव राहते का?”

“यही तो इसकी खूबी है! बंद किया कि बंद. एक ठिणगी नाही राहत!”

एक ठिणगी नाही… फुलवंताची नजर कोपऱ्यातल्या लोखंडी शेगडीकडे गेली. “मले ते पाहिजे. कोळशाची.”

“वो?” दुलीचंद प्रामाणिक निघाला. “बाई, दगडी कोळसा है. इसका धुआँ तो इंजन का सगा भाई! आँखों के लिए लेने आये हो ना?”

“आयकलं?” पुरनलाल कावला. “सकाळपासून पाहून राहिलो, तुले एकही पसंत नाई. मी काय तुहा वैरी आहो? तुले डोळे नाई पाहिजे का?” आणि बोलता बोलता त्या लोखंडी माणसाचा आवाज चिरकला, “तू आंधळी झाल्यावर मी कोणाकडे पाहू वो?”

पितळी स्टोव्ह घरी आला.

त्याच संध्याकाळी पुरनलालने कुदळ आणली. पहिला घाव पडण्याआधी फुलवंताने, “थांबा, राख काढून घेतो,” असे म्हणत सारे निखारे गोरसीत भरले. गोरसी म्हणजे प्रेमिलाच्या बाळंतपणाच्या शेकाला ठेवलेले मातीचे पसरट भांडे. ते पदराआड घेऊन ती गोठ्यात गेली, आणि मागे चूल कोसळल्याचा आवाज आला तेव्हा म्हशीच्या गळ्यात पडून मूकपणे रडली…

तेव्हापासून तिच्या जिवाला स्वस्थता उरली नाही. घरात स्टोव्ह पेटला की असा आवाज व्हायचा, की सौंदडच्या वाटेवरची माणसे गाडी आली म्हणून धावत सुटायची. पण फुलवंताचे कान तिकडे नसत, मन गोठ्यात असे. बाजूलाच तणसाचा, वाळल्या पेंढ्याचा ढीग! ठिणगी उडाली तर? निखाऱ्यांवर घातलेले तूस कमी पडले आणि विस्तव विझला तर? कोणी पाहिले तर? ती दहा निमित्ते काढून गोठ्यात जायची, तोंड गोरसीपाशी नेऊन फुंकायची, आणि तुसाचा तो कडू, दाट, कोंडलेला धूर चुलीच्या धुराहून सातपट डोळ्यांत जायचा. पुरनलाल रोज तिचे लाल डोळे पाहून हताश व्हायचा. “स्टो आणला तरी काऊन असं? दुलीचंदनं फसवलं का आपल्याले?”

रामकलीचा चेहरा आता फुलवंताला दिसत नव्हता. कुंपणापलीकडे एक सावली यायची, काकणे वाजायची. त्या आवाजाच्या रोखाने ती निखारे पुढे करायची…

आणि मग पुरनलालच्या मिशीचे प्रकरण झाले. इतकी वर्षे त्याची चिलीम चुलीतल्या निखाऱ्यावर पेटत आली होती. आता निखारा कुठला? एका पहाटे शेतात जाण्याआधी तो चिलीम तोंडात धरून स्टोव्हवर वाकला. भप्प! चिलीम पेटली नाही, डावी मिशी मात्र पेटली, आणि पुरनलालने पाण्याच्या गुंडात डोके घातले. शपथा घेणाऱ्या माणसाची अर्धीच मिशी! असे तोंड घेऊन शेतातल्या माणसांपुढे कसे जावे? तोंडाला दुपट्टा गुंडाळून तो घरातच बसला.

म्हणून त्या दिवशी, उन्हे वर येताना, गोठ्यातून निघणारी धुराची रेघ त्याला दिसली.

“आग! तणीस पेटलं!” तो ओरडला, पाण्याची बादली उचलून धावला, आणि फुलवंता “नका! नका जी!” म्हणत आडवी येईपर्यंत सारी बादली गोरसीवर रिकामी झाली.

चर्रर्र… पांढरी वाफ उठली. मग काही नाही.

फुलवंता खाली बसली. ओल्या राखेत दोन्ही हात घालून चाचपडू लागली, एक निखारा, एकच निखारा मिळावा म्हणून… “गेला! मायचा विस्तव गेला! माळव्याहून आलेला, वाघाच्या तोंडून वाचलेला… तुमी काय विझवलं हो! दोन घरं एका आगीवर शिजत होती, ते तुमी विझवलं!”

“दोन घरं?” पुरनलाल खिळल्यासारखा उभा राहिला.

तेवढ्यात काकणे वाजली. कुंपणापलीकडे रामकली रिकामे खापर घेऊन उभी होती. जेठाला, थोरल्या दिराला पाहून तिने पदर ओढला, पण थोरल्या जावेचा तो आक्रोश ऐकून तिला राहवले नाही, आणि इतक्या वर्षांचे मौन तिच्या तोंडून फुटले.

“मोठीबाई, रडू नका! विस्तव नाई विझला. माझ्या चुलीत आहे. मी रोज राती राखेत दाबून ठेवून राहिली… पहिल्या दिवसापासून.”

फुलवंताचे हात राखेतच थांबले. “मंग रोज मांगायले काऊन येत होतीस वो?”

“तुमचं तोंड दिसाचं म्हणून…”

फुलवंताने आवाजाच्या दिशेने मान वळवली, जरा चुकीच्याच दिशेने. “आणि मी तुले सावलीवरून ओळखून राहिली, पोरी. तुझं तोंड मले कवाचंच दिसत नाई…”

ती चुकलेली मान पुरनलालने पाहिली. आणि त्याला सारे उमगले, गोठा कशाला, धूर कशाला, दुकानातला तो प्रश्न कशाला! ज्या डोळ्यांसाठी त्याने चूल पाडली, ते डोळे त्याच्याच शपथेने जाळले होते. तो पुढे झाला, रामकलीच्या हातातून खापर घेतले आणि कुंपणाला वळसा घालून अनवाणी भावाच्या दारात गेला.

मुन्नालाल ओसरीवर दोर वळत होता. थोरल्याला पाहून त्याच्या हातातला पीळच सुटला.

“विस्तव दे,” पुरनलाल म्हणाला. “आमच्या घरचा विझला. शपथेत देणं बंद होतं… मांगणं नाई.”

इतके बोलण्याच्या धांदलीत दुपट्टा खाली घसरला. मुन्नालाल बघतच राहिला. उजवीकडे राजासारखी मिशी, डावीकडे काहीच नाही! त्याने ओठ आवळले, मान फिरवली, पण हसू काही आवरेना, आणि हसता हसता त्या हसण्याचा हुंदका कधी झाला, हे दोघांनाही कळले नाही.

“भाऊ, तुमची आण… धुरा मी नाई कापला.”

“मले मालूम आहे रे,” पुरनलालने त्याचे डोके छातीशी धरले. “पहिल्या दिवसापासून मालूम आहे. खेकड्यापुढं हार कशी मानू, म्हणून तुह्याशी भांडलो!”

त्या दिवशी चहा पितळी स्टोव्हवर झाला. त्याच्या गर्जनेत कोणाचे कोणाला ऐकू येईना, म्हणून दोघे भाऊ एकमेकांच्या कानाशी तोंड नेऊन ओरडत राहिले, आणि गावाला वाटले, पुन्हा जुंपली!

पुढे डॉक्टरने फुलवंताचे डोळे होते तेवढे वाचवले. सावल्यांना आता थोडे नाकडोळे आले. माळव्याचा विस्तव रामकलीच्या चुलीत राहिला, आणि खापर घेऊन कुंपणापाशी जाण्याची पाळी फुलवंतावर आली. त्या निखाऱ्यावर तिच्या घरी भात शिजायचा नव्हता की दूध तापायचे नव्हते. पुरनलालची चिलीम तेवढी पेटायची होती. पण काकणे वाजली, “आज उशीर काऊन वो?” झाले, की इतक्या वर्षांचे न बोललेले एकेक निघायचे, आणि दोघी जावा एवढ्या बोलत की खापर चिलमीपर्यंत पोचेतो त्यात राखच उरलेली असायची…

पुरनलाल खापरात डोकावून बघायचा, अर्ध्या उगवलेल्या मिशीवरून हात फिरवायचा, आणि खिशातून आगपेटी काढायचा.