खाली कोण आहे

दुपारचं जेवण उरकलं की पुंडलिक नातीच्या टेबलाजवळ खुर्ची ओढून बसायचा. भाईंदर पश्चिमेच्या त्या तिसऱ्या मजल्यावर खाडीचा वारा यायचा, खालच्या गल्लीतून सुक्या बोंबलाचा वास यायचा, आणि कृतिका लॅपटॉपवर भराभर बोटं चालवायची. तिला काही विचारायचं नाही, नुसतं बघायचं, असं तो रोज ठरवायचा. ते कधीच जमायचं नाही.

"आज काय करतंस, बाय?"

"टेस्ट लिहितेय, आबा."

"कालबी टेस्टच व्हती. पास कधी व्हशील?"

ती हसायची आणि पुन्हा पहिल्यापासून सांगायला बसायची. डोंगरीच्या वाटेवर खाजणात, खाडीलगतच्या खाऱ्या दलदलीत, भरतीचं पाणी अडवायला नवा लोखंडी दरवाजा बसत होता. त्याचं डोकं, म्हणजे तो चालवणारा प्रोग्राम, कृतिका लिहीत होती. गाळ काढायला नाल्यात उतरणाऱ्याच्या पट्ट्याला बटण असणार. ते दाबलं की 'उतरलो' असा निरोप निघणार. सगळे निरोप एका रांगेत उभे राहणार. रांगेतून एकेक निरोप उचलतो तो कन्ज्युमर. तो निरोप हँडलरच्या हाती देतो, आणि दरवाजाला 'पड' असा हुकूम द्यायचा की थांबायचं, हे हँडलर ठरवतो.

"आन् मानूस वर आल्यावर?"

"बांधावरच्या पाटीवर पंजा टेकवायचा. जितके उतरले तितके पंजे लागल्याशिवाय दरवाजा पडणार नाही. तुमचीच रीत आहे ना ती?"

त्याचीच होती. त्याच खाजणात पूर्वी मिठागर होतं, आणि पुंडलिकची उमर तिथल्या उघाडीवर गेली होती. उघाडी म्हणजे बांधातलं पाण्याचं तोंड. ते बंद करायला वरून जाड फळी सोडायची. सोडण्याआधी खाली हाक द्यायची. खालचा 'आलो' म्हणाला तरी नुसत्या शब्दावर फळी सोडायची नाही. वाऱ्यात शब्द कुठूनही येतो. त्याचा हात आपल्या हातात आला, त्याला वर ओढला, की मगच फळी.

ही रीत नातीने यंत्रात घातली, हे तो केबिन रोडच्या दुकानांतून सांगत फिरला होता. "हमारी पोती ने बनाया," असं म्हणून, कोणी विचारलेलं नसताना.

"पन घरात दरवाजा कुठं हाय? मानसं कुठं हायत?"

"ती सगळी मॉक, आबा. सोंगं. खोटा दरवाजा, खोटा माणूस. मी शिकवते तेवढंच बोलतात. मग मी खोट्या दरवाजाला विचारते, तुला हुकूम मिळाला का? हीच टेस्ट."

सगळ्या टेस्ट पास होऊन हिरव्या होत होत्या. एक होत नव्हती, आणि तीच सगळ्यांत सोपी होती. खाली कोणी उतरलेलंच नाही. दरवाजाला ताबडतोब हुकूम मिळायला हवा. तो मिळत नव्हता. हँडलर एका पंजाची वाट पाहत थांबला होता.

"आधीच्या टेस्टचा निरोप रांगेत उरला असेल," ती म्हणाली. तिने रांग रिकामी केली. सोंगं नवी केली. टेस्ट पुन्हा लाल.

दुसऱ्या दिवशी तिने ती टेस्ट एकटीच चालवली, बाकी सगळं बंद ठेवून. लाल. मग कन्ज्युमरने कोणता निरोप उचलला तो तिने पडद्यावर काढला आणि खुर्ची मागे सरकवली.

"हे मी लिहिलेलं नाही. माझे निरोप इंग्रजीत असतात."

अक्षरं पुंडलिकला नातीनेच शिकवली होती, त्याचे केस पिकल्यावर. त्याने पडद्यावर बोट ठेवून अक्षराला अक्षर जोडलं.

"खा-ली हा-य."

"आपल्या घरात असं कोण बोलतं, आबा? तुम्हीच."

"मी तुझ्या डब्याला हात लावला न्हाय."

तेवढ्यात मितेशचा, तिच्या साहेबाचा, फोन आला. मुलगा वाईट नव्हता, घाईत होता. "अरे कृतिका, वो एक टेस्ट उडा दे ना. नीचे कोई है ही नहीं. उधाण सर पे है, दरवाजा चालू नहीं हुआ तो चाळ में पानी घुसेगा, और काम भी हाथ से जाएगा."

"टेस्ट उडवणार नाही," कृतिका म्हणाली. "खाली कोण आहे ते कळल्याशिवाय दरवाजा पडला आणि खरंच कोणी असलं तर? काम गेलं तर जाऊ दे."

पुंडलिकची मान ताठ झाली. आपण बोललो असतो तर हेच बोललो असतो, पण इतकं नीट नाही.

फोन ठेवल्यावर त्याने तिला राघोचं सांगितलं. ते त्याने घरात कधी सांगितलं नव्हतं. राघो त्याचा जोडीदार. उधाणाच्या दिवशी उघाडीत अडकलेला ओंडका काढायला उतरला. पुंडलिकने हाक दिली. जबाब नाही, हात नाही. मिठागराचा शेठ बांधावर नाचत होता, फळी सोड म्हणून. हंगामाचं सगळं मीठ विरघळलं.

"फळी सोडली न्हाय मी."

"आणि राघो?"

"ओहोटीला बघितलं, कोन न्हाय. लोक बोलले, पळाला."

उधाणाच्या दुपारी आजोबा, नात आणि मितेश खाजणात नव्या दरवाजाजवळ उभे होते. मितेश छत्रीखाली फोनवर. गाळ काढणारा धाकू नाल्यात उतरला, काम करून वर आला, पाटीवर पंजा टेकवला. पाटी हिरवी झाली. धाकूने पंपावर अंघोळ केली, कोरडे कपडे घातले.

दरवाजा पडला नाही.

पाणी कांदळवनातून चढत होतं. त्याला आवाज नव्हता. खालच्या चाळीतल्या बायका सामान माळ्यावर टाकत होत्या.

"मॅन्युअल बटण दाब," मितेश म्हणाला. "कृतिका, प्लीज. एक उतरा, एक आया. हिसाब पूरा."

कृतिकाने लॅपटॉप त्याच्याकडे वळवला. उतरले दोन. आले एक.

"धाकूभाऊ, तुमच्याबरोबर कोणी होतं?"

"कोन नाय ओ." धाकूने गळ्यातला ताईत चाचपला. "मागनं कोन तरी खोकला, एवढंच."

मितेशचा हात त्या लाल मॅन्युअल बटणाकडे गेला. कृतिका बटणासमोर उभी राहिली. ती हलली नाही.

पुंडलिकने चपला काढल्या. बांधाच्या कडेला पालथा झोपला आणि हात खाली सोडला.

"राघो! फळी सोडतो रं!"

पाणी.

"राघो!"

त्याच्या दंडाची शीर फुगली. खांदा खाली ओढला गेला. कृतिकाने त्याचे पाय धरले.

तो मागे सरकला. एकटाच. धापा टाकत.

पाटी हिरवी झाली. तिच्याजवळ कोणी नव्हतं.

दरवाजा सावकाश खाली आला आणि चिखलात रुतून बसला.

 मितेश फोटो काढायला लागला, कारण दुसरं काय करायचं ते त्याला सुचेना. चाळ कोरडी राहिली. पुंडलिकने नातीच्या डोक्यावर हात ठेवला.

"तुझा तो हँडलर खरा निघाला, बाय. माझ्यापरीस धीराचा."

तिने मान हलवली. डोळे पुसले, आणि लॅपटॉप पिशवीत घातला.

रस्त्यावर एक रिक्षा मिळाली. धाकूलाही स्टेशनलाच जायचं होतं. तिघं मागे बसली. रिक्षावाल्याने आरशात बघितलं आणि गाडी चालू केलीच नाही.

"चार नहीं चलेंगे, चाचा."

"बराबर गिन ना भाई," धाकू हसला.

रिक्षावाला हसला नाही. त्याने मागे वळून पुन्हा मोजलं. "वो गीले कपड़ेवाले को बोलो, दूसरी पकड़ ले. सीट खराब हो रही है."

धाकूचं हसू थांबलं. कृतिकाने आजोबांकडे बघितलं.

पुंडलिक आधीच खाली उतरत होता.

"त्याला बसू दे," तो म्हणाला. "मी मागच्या बसनं येतो."