चकचकीत शाफ्ट

लोखंड कातणारा लेथ फिरत होता आणि त्याच्यावर एक टाय लोंबत होता.

ठिणगीनं आधी लाल बटणावर थाप मारली, मग तो टाय मुठीत धरला आणि टायसकट आख्खा मुलगा मागं खेचला.

"मरायचं असेल तर दुसऱ्या मशीनवर जा. हे माझं आहे!"

"मी... मी फक्त बघत होतो," तो खोकत म्हणाला. "किती सुंदर कीस निघतो गं... कुरळा कुरळा."

"त्यात टाय अडकला असता तर तुझाही निघाला असता!"

वर्कशॉपमधली पोरं खो खो हसली. ठिणगी हे नाव त्यांनीच तिला दिलेलं. यंत्र-तंत्रज्ञानाच्या वर्गात ती एकटीच मुलगी, आणि तिच्या जवळ गेलं की चटका ठरलेला. तो होता पलीकडच्या इमारतीतल्या व्यवस्थापनाच्या वर्गातला. तिथं सादरीकरणाच्या दिवशी टाय लावायचा नियम. त्या दिवसापासून त्याचं नाव टायवाला पडलं.

कॉलेजनं दोन्ही वर्गांच्या जोड्या लावल्या होत्या. एकानं वस्तू बनवायची, दुसऱ्यानं ती लोकांपर्यंत कशी न्यायची ते ठरवायचं. तिच्या वाट्याला हाच आला. ठिणगीनं कपाळावर हात मारला. हात ग्रीसचा होता, म्हणून कपाळही काळं झालं.

"इथं... थोडंसं लागलंय," तो स्वतःच्या कपाळाकडे बोट दाखवत म्हणाला.

"माहितेय. राहू दे."

तिला बरणीचं झाकण उघडणारं यंत्र बनवायचं होतं. भिंतीला बसवायचं, दांडा फिरवायचा, झाकण निघालं. आत्यासाठी. आत्यानं तिला लहानाचं मोठं केलं आणि आता त्याच आत्याची बोटं सांध्यांत आखडली होती. टायवाला एकदा घरी आला, आत्याशी दुपारभर गप्पा मारत बसला आणि जाताना म्हणाला, "यावर 'रुग्णांसाठी' असं कुठंही लिहायचं नाही हं. आत्यांना मदत नकोय. त्यांचं झाकण त्यांनाच उघडायचंय."

त्या संध्याकाळी ठिणगीला दांड्याचं चित्र दोनदा काढावं लागलं. रेघ सरळ येईना.

सगळं सुरळीत होतं, तोवर विभागप्रमुख सरांनी तिला बोलावलं.

"पुढच्या वर्षी मशीनच्या बॅचमध्ये जागा कमी आहेत," ते प्रेमानं म्हणाले, आणि त्या प्रेमाचाच तिला राग आला. "व्यवस्थापनाला जातेस का? तिकडं स्वच्छ काम असतं. मुलींना बरं."

"माझं काम अस्वच्छ आहे का सर?"

"तसं नाही गं. प्रात्यक्षिकात यंत्र चाललं तर बघू."

बघू! बाकीच्या पोरांना कुणी 'बघू' म्हटलं नव्हतं. तिनं दातओठ खात शाफ्ट कातला. शाफ्ट म्हणजे दांडा ज्याच्यावर बसतो तो गोल गज. दांड्याच्या भोकापेक्षा तो केसभर जाड ठेवायचा, म्हणजे दाबून बसवला की कायमचा धरतो. ते केसभर माप म्हणजेच सगळी करामत. मनासारखं माप आल्यावर शाफ्ट टेबलावर ठेवून ती घरी गेली.

प्रात्यक्षिकाच्या दिवशी जोडणी सभागृहात सगळ्यांसमोर करायची होती. आत्या पुढच्या बाकावर बसली होती. ठिणगीनं शाफ्ट उचलला. तो आरशासारखा चमकत होता. तिनं तर तो असा ठेवला नव्हता. दांड्यात सरकवला... आणि बोटात अंगठी जावी तसा तो अलगद आत गेला. दांडा फिरवला, तर तो नुसताच गरगर फिरला. झाकण जागचं हललं नाही.

"मी म्हणालो नव्हतो?" सर हळहळले. "हात लागतो गं या कामाला."

"सर, तिची चूक नाही!" टायवाला उठून उभा राहिला. त्याची नखं काळी होती. "काल मी पॉलिश पेपरनं घासला तो. बाकीच्यांच्या वस्तू चकाकत होत्या, हिचीच काळपट... मला वाटलं, उठून दिसेल. ती फार चांगली—"

"तू गप्प बस!"

"माझी बाजू मांडायला तुला कुणी सांगितलं? आत्याचं कळलं तुला, आणि माझं नाही कळलं? माझं झाकणही मलाच उघडायचंय!" मग ती सरांकडे वळली. तिनं केसभर फरकही दाखवणारा मायक्रोमीटर शाफ्टला लावला. "आणि तुम्ही सर! मापायच्या आधीच निकाल दिलात. हे घ्या, बघा. मागच्या टोकाला मी दिलेलं माप आहे, दांडा बसतो तिथं घासून उतरलंय. आता मशीन द्या मला."

सरांनी माप पाहिलं, चष्मा काढून पुन्हा पाहिलं आणि बाजूला झाले.

सगळे तिच्यामागोमाग वर्कशॉपमध्ये आले. तिनं शाफ्ट लेथवर बांधला. टायवाल्यानं न सांगता टाय काढून खिशात कोंबला. दातेरी चाकं शाफ्टवर दाबली गेली, तशी त्या गुळगुळीत अंगावर बारीक बारीक चौकड्या उठल्या. दबलेलं लोखंड फुगून वर आलं आणि गेलेलं माप परत मिळालं. चमक मात्र गेली.

या खेपेला दांडा बसवायला दाबयंत्रावर सारा जोर लावावा लागला.

आत्यानं आखडलेल्या तळव्यानंच दांडा ढकलला. टक्... झाकण सुटलं. आत्या बरणी छातीशी धरून बसली.

"आधी मापायला हवं होतं मी," सर म्हणाले. "तुझी जागा बॅचमध्येच आहे."

"ती होतीच सर."

सगळे पांगल्यावर टायवाला लेथपाशी घुटमळत राहिला.

"रागावलीस?"

"भयंकर."

"किती दिवस?"

"ठरवलं नाही." ती चिंधीनं हात पुसत होती, पुसून झाले तरी पुसतच होती.

"चकचकीत केलं तर निसटतं... मला माहीत नव्हतं गं," तो हळूच म्हणाला. "तू अशीच राहा. खरखरीत. मला... मला तशीच आवडतेस."

लेथ बंद होता, तरी तिच्या कानांत काहीतरी घरघरत होतं.

"टाय कुठाय तुझा?"

"खिशात. वर्कशॉपमध्ये लावायचा नाही ना?"

"मशीन बंद आहे." तिनं नजर वर केली. कपाळावर पुन्हा ग्रीस लागलेलं होतं. "लाव."

"का?"

"लाव म्हणते ना! मला ओढायला काहीतरी लागेल."